धूळ आली तर पुसू

"दार लावून घ्या हो बाई, धूळ येऊन राहिली आहे."

"येऊ द्या. पुसू."

"अहो, ही मशीन आहे. फळा नाहीये पुसायला."

"मग मशीन पुसू."

एवढं बोलून जयूबाईंनी व्हरांड्यातलं लाकडी स्टूल ओढत आणलं, कॉम्प्युटरच्या खोलीच्या उंबऱ्याशी, बरोबर दाराच्या वाटेत ठेवलं आणि त्यावर बसल्या. मांडीवर दुसरीच्या वह्यांचा गठ्ठा, हातात लाल पेन. आता दार लावायचं तर आधी बाईंना उचलून बाजूला ठेवावं लागलं असतं.

आतून शरदकाका हसले. कॉम्प्युटरचा क्लास तेच घ्यायचे. त्यांचं हसणं मोठं, समोरच्याला सामील करून घेणारं. मी पाण्याच्या टाकीपाशी उभी होते. मान बाहेर काढून ते मला म्हणाले, "बघा अश्विनीवहिनी, आमच्या बाईंना एसीची हवा बाहेर सोडायचीय. सगळ्या फ्रीगंज मोहल्ल्याला गार करणार त्या!"

मीही हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी एका वहीत बरोबरची खूण केली आणि पान उलटलं.

मनातून मला बाईंचा रागच आला होता. सगळ्या छोट्या वर्गांमधून शरदकाकांनी माझ्या इशिताला निवडलं होतं. जानेवारीत इंदूरचे शेठजी येणार होते. शाळेला कॉम्प्युटर, एसी आणि खाली अंथरायचा गालिचा त्यांनीच दिला होता. त्यांच्यापुढे इशिता माऊसनं घर, झाड, सूर्य काढून दाखवणार होती. मी बीएस्सी झाले तोवर कॉम्प्युटर फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिला होता. आता टॉवर चौकात जिकडे तिकडे कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागत होत्या, आणि माझी सात वर्षांची मुलगी शनिवारी शाळा सुटल्यावर बूट काढून, पाय पुसून त्या गार खोलीत जात होती. जळगावला आईला फोनवर हे सांगताना एसटीडी बूथबाहेरच्या लोकांनाही ऐकू जाईल एवढा माझा आवाज चढला होता.

आणि या बाई दारात बसून वह्या तपासत होत्या.

जयू दिघे. दुसरीच्या बाई. त्यांच्याबद्दल सांगायला गेलं तर सांगण्यासारखं फार नाही. देवास गेटच्या बाजूला म्हाताऱ्या वडिलांबरोबर राहायच्या. वडिलांना दिसत नव्हतं. फिकट सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत डबा. नोकरी अजून कायम नव्हती. एप्रिलात संपायची, जुलैत पुन्हा मिळायची. स्नेहसंमेलनात त्या कधी स्टेजवर दिसल्या नाहीत. पडद्यामागे मुलांच्या फेट्यांना टाचण्या लावत असायच्या.

फाटकाशी मात्र त्या दिसायच्या. शाळा सुटली की तिथे उभ्या राहून हात धरलेल्या प्रत्येक मुलाला विचारायच्या, "कोण आलंय?" मुलानं बोट दाखवायचं, बाईंनी त्या माणसाकडे नीट बघायचं, मग हात सोडायचा. आजोबा असोत नाहीतर टेम्पोवाला मांगीलाल. एकदा माझ्या नवऱ्यालाच त्यांनी थांबवून ठेवलं, कारण पराग त्याआधी कधी शाळेत फिरकलाच नव्हता. इशिता "बाबा, बाबा" म्हणून उड्या मारतेय आणि बाई म्हणतायत, "हो बेटा, पण मला ओळख तर करून दे." पराग घरी येऊन म्हणाला, "तुमच्या त्या बाई पासपोर्ट ऑफिसात हव्या होत्या."

पालकांमध्ये त्यांचं नाव पडलं होतं, शंकेखोर.

शंकेखोर तशी मीही. मांगीलालच्या टेम्पोत पुढे त्याच्या शेजारी बसायचं नाही, कुणी गोळी दिली तर घ्यायची नाही, हे मी इशिताला रोज बजावत होते. पण शरदकाकांची गोष्ट वेगळी. ते आपले. या गावात मराठी घरं भरपूर. काही पार शिंद्यांच्या काळापासूनची, ज्यांच्या मराठीला माळव्याच्या शेवेसारखा हिंदीचा खमंग वास. काही आमच्यासारखी, बँकेनं बदली करून आणून टाकलेली. आम्ही नानाखेड्याच्या कॉलनीत उतरलो तेव्हा ना ओळख ना पाळख. दुसऱ्याच दिवशी कायनेटिक होंडा स्कूटरवरून शरदकाका हजर. "जळगावचे ना? मग झालं तर, घरचेच!" गॅसचं कनेक्शन त्यांनी मिळवून दिलं, दूधवाला त्यांनी लावून दिला, मराठी मंडळाच्या शाळेत इशिताला प्रवेश त्यांनी दिला. मंडळाचे ते सचिव. परक्या मुलखात समोरचा मराठी बोलला की आमची अर्धी काळजी तिथेच संपायची. पुढे विचारायचं कुणाला सुचतच नसे.

*

मंगळवारी संध्याकाळी टॉवर चौकात मेथीची जुडी निवडत होते तर शेजारी जयूबाई. त्यांनी माझ्या हातातली जुडी घेऊन परत ठेवली आणि दुसरी दिली.

"तिच्यात गवत आहे," त्या म्हणाल्या. मग, "तुम्ही शनिवारी लवकर येता ना?"

"येते."

"मग टाकीपाशी उभ्या का राहता? आत येऊन बसत जा. गालिचा आहे की."

"काका म्हणतात, आई समोर असली की मुलांचं लक्ष लागत नाही."

"हो, म्हणतात खरं."

त्यांचा तो स्वर मला आवडला नाही. मी जरा तोडूनच विचारलं, "बाई, काही झालंय का?"

"झालं नाही. होऊ नये म्हणून बोलतेय."

"तुम्हाला काही दिसलं का? दिसलं असेल तर स्पष्ट सांगा. असं अर्धवट नका बोलू. मला रात्र रात्र झोप लागत नाही मग."

बाईंनी भाजीवाल्याकडून कोथिंबीर मागून घेतली. पिशवीत नीट उभी ठेवली. म्हणाल्या, "मला दिसलं ते एवढंच की तिथली खुर्ची ठेंगणी आहे. लहान मुलाचा हात टेबलावर पोचत नाही. म्हणून मी घरून पाट आणला. खुर्चीवर ठेवला. आता पोचतो." पुढे त्या जास्तच हळू बोलल्या. "गेल्या वर्षी तेजस्विनी नावाची मुलगी होती. हुशार. दिवाळीनंतर म्हणाली, कॉम्प्युटर नको. शनिवार आला की पोट दुखायचं तिचं. तिच्या आईला मी हेच सांगितलं. त्यांनी शाळा बदलली, आणि रस्त्यात भेटल्या तर मला ओळख देत नाहीत."

"मोठ्या बाईंना सांगितलंत?"

"मीनाताईंना? दोनदा. म्हणाल्या, जयू, शेठजी येऊन जाऊ देत." त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "मुलं दहा ते एक माझ्या ताब्यात असतात हो. एकनंतर काय, मी त्यांची बाई नसते?"

आणि गर्दीत निघून गेल्या.

*

घरी आले. मेथी निवडायला बसले. इशिता समोर वेताच्या मोढ्यावर बसली होती. तिच्या मांडीवर बाहुली, बाहुलीच्या हाताखाली साबणाची रिकामी डबी.

"काय खेळतेस गं?"

"कॉम्प्युटर कॉम्प्युटर."

ती डबी सरकवत होती. "हलायचं नाही हं," ती बाहुलीला म्हणाली. आवाज तिचा नव्हता. जाड केलेला, लाडात आलेला. "हललं की रेघ बिघडते. आणि आईला नाही सांगायचं. आपलं दोघांचं सिक्रेट."

माझ्या हातातली काडी हातातच राहिली. ओरडायचं नाही, एवढं मला कळलं. ओरडले तर ती गप्प बसेल. मी पुढची पानं खुडायला लागले.

"बाहुली कुणाच्या मांडीवर बसलीय?"

"काकांच्या."

"मग तू कोण?"

"मी शरदकाका."

"अच्छा. तूपण बसतेस काकांच्या मांडीवर?"

"आधी. आता बाईंचा पाट आहे ना." तिनं बाहुलीचे केस मागे सारले. "काका घट्ट धरतात. मी म्हटलं सोडा ना, तर म्हणाले, मग शेठजींना आम्ही दुसरी मुलगी दाखवू."

"मग?"

"मग बाई आल्या. दार वाजवलं नाही, काही नाही, एकदम उघडलंच. म्हणाल्या, माझा खडू राहिला आत." इशिता हसायला लागली. "आई, कॉम्प्युटरच्या खोलीत फळाच नाहीये! खडू कसा राहील?"

"खरंच की," मी म्हणाले.

"बाई वेड्याच आहेत. सगळ्या गालिच्यावर शोधत बसल्या. मी पण शोधायला उतरले. मग दुसऱ्या शनिवारी पाटच घेऊन आल्या."

मी उठून मोरीत गेले, नळ सोडला आणि नळाच्या आवाजात उभी राहिले. बाहेर येऊन मी तिला जवळ घेतलं आणि म्हणाले, "आईला सांगायचं नाही असं कुणी म्हटलं ना, की ती गोष्ट आईला सगळ्यात आधी सांगायची. तू काही चुकलेली नाहीस." ती म्हणाली, "मी कुठे म्हटलं चुकले?" आणि बाहुलीला जेवायला वाढायला गेली.

*

पराग बँकेतून आला, त्याला सांगितलं. तो बूटही न काढता खाटेवर बसून राहिला.

"मांडीवर घेतलं म्हणजे... म्हातारा माणूस आहे गं. लाडानं घेतलं असेल."

"आईला सांगू नको असं लाडानं म्हणतात?"

इतक्यात खाली कायनेटिकचा आवाज आला.

शरदकाका हातात माव्याच्या कचोऱ्यांचा पुडा घेऊन वर आले. "काय परागराव! असे बूट घालून बसलात, बदलीबिदली झाली की काय?" स्वतःच हसले, खुर्ची ओढून बसले. "बात अशी आहे वहिनी, शुक्रवारी कमिटीची बैठक ठेवली आहे. जयूबाईंचं काही तरी करायला हवं. हार्ड डिस्कमध्ये धूळ जाऊन एक मशीन बसली. त्यात त्या दारात ठाण मांडून बसतात, मुलं बिचकतात. तुम्ही पालक म्हणून यायचं आणि इतकंच सांगायचं की क्लासमध्ये व्यत्यय येतो. बस. बाकी मी बघून घेतो."

मी गॅसजवळ उभी होते. तो गॅस, जो त्यांनी मिळवून दिला होता.

"आमची आर्टिस्ट कुठेय?" ते म्हणाले. "इशू! ये बेटा, बघ काकांनी काय आणलं."

इशिता आतल्या खोलीच्या दारापर्यंत आली. एरवी गोडाचा पुडा दिसला की उडी मारणारी मुलगी तिथेच थबकली. बाहुली तिनं पाठीमागे धरली होती.

"ती अभ्यास करतेय," मी म्हणाले. "जा गं आत."

"अहो, एक मिनिट येऊ द्या की."

"नको."

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. शरदकाका माझ्याकडे बघत राहिले. हसू चेहऱ्यावर तसंच होतं, पण आता ते नुसतं तिथे ठेवलेलं होतं, काढून घ्यायचं विसरल्यासारखं. परागनं माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे, मग त्यांच्याकडे. आणि त्या वेळी त्यानं एक गोष्ट केली, जी मी विसरणार नाही. तो उठला आणि आतल्या खोलीच्या दाराला पाठ लावून उभा राहिला.

"या तर मग शुक्रवारी," काका म्हणाले. पुडा टेबलावर ठेवून गेले.

तो पुडा आम्ही उघडला नाही. रात्री पराग म्हणाला, "शुक्रवारी बोललीस तर या गावात आपल्याला कुणी विचारणार नाही. हळदीकुंकवाला बोलावणार नाहीत तुला. लोक इशितालाच बोट दाखवतील, त्याला नाही."

"माहीत आहे."

"बदली मागू. निघून जाऊ."

"आपण जाऊ. खुर्ची तिथेच राहील."

*

शुक्रवारी मीनाताईंच्या खोलीत बैठक बसली. टेबलामागे अध्यक्ष दत्तात्रयराव, एका बाजूला मोठ्या बाई मीनाताई, दुसऱ्या बाजूला शरदकाका. समोर मी आणि पराग. जयूबाई उभ्या. बसा असं त्यांना कुणी म्हटलं नाही.

दत्तात्रयरावांनी चष्मा लावून सुरुवात केली. बाईंचं वागणं, मशीनचं नुकसान, शेठजींचा कार्यक्रम तोंडावर आलेला. "बाई, तुमची काही तक्रार आहे का शरच्चंद्ररावांबद्दल? असेल तर पुराव्यानं बोला."

"पुरावा नाही," जयूबाई म्हणाल्या. "मी फक्त दार उघडं ठेवलं. उघड्या दाराचा त्रास कुणाला होतो, ते तुम्ही बघा."

"जयू!" मीनाताई म्हणाल्या.

शरदकाका दुखावल्यासारखे हसले. "बघा. वीस वर्षं या संस्थेसाठी चपला झिजवल्या, त्याचं हे फळ. आता वहिनींनाच विचारा. आई आहे ती. आईला जास्त काळजी की बाईला?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पंखा वर कुरकुरत होता. जयूबाई माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या खिडकीबाहेर, फाटकाकडे बघत होत्या. मधली सुट्टी होती. मुलं फाटकाजवळ खेळत होती.

"माझी मुलगी घरी कॉम्प्युटर कॉम्प्युटर खेळते," मी म्हणाले. "बाहुलीला मांडीवर घट्ट धरते. हलू नको म्हणते. आईला सांगू नको म्हणते. मी विचारलं, तू कोण? तर म्हणाली, मी शरदकाका."

मीनाताईंनी टेबलावरचा पेपरवेट हातात घेतला आणि परत ठेवला.

"लहान मुलं काहीही खेळतात," शरदकाका म्हणाले. पण आवाज फाटला.

"खेळतात," मी म्हणाले. "पण हे बोलणं तिनं कुठून तरी ऐकलं असेल ना? आमच्या घरात कुणी तिला असं सांगत नाही."

"वहिनी, तुम्ही काय बोलताय याचा विचार..."

"केला," पराग म्हणाला. तो एवढंच बोलला.

दत्तात्रयरावांनी चष्मा काढला. त्यांचं वय एकदम दिसायला लागलं. "हे इथल्या इथेच राहू द्या," ते म्हणाले. "संस्थेचं नाव आहे. आपल्या समाजाचं नाव आहे. बाहेर हिंदीवाल्यांना कळलं तर काय म्हणतील?"

तेव्हा पहिल्यांदा जयूबाईंचा आवाज चढला. "तेजस्विनीच्या वेळीसुद्धा इथल्या इथेच राहिलं. म्हणून तर ही दुसरी मुलगी त्या खुर्चीवर बसली. मीनाताई, मी तुम्हाला सांगितलं होतं की नाही?"

मीनाताईंनी मान खाली घातली. "सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. ऐकू येईल न येईल असं. पण म्हणाल्या.

शरदकाका खुर्ची मागे सारून उठले आणि कुणाकडे न बघता निघून गेले. बाहेर कायनेटिक सुरू व्हायला फार वेळ लागला. खोलीत आम्ही सगळे तो आवाज ऐकत होतो.

मग दत्तात्रयराव जयूबाईंना म्हणाले, "बसा. बसा हो बाई. शरच्चंद्ररावांना आपण मोकळं करू. शाळेत ते येणार नाहीत, ही माझी जबाबदारी. पण गोष्ट इथेच संपायला हवी. तुमची नोकरी कायम करण्याचं बरेच दिवस राहिलं आहे. बोला, तुमचं काय म्हणणं?"

त्यांना काय म्हणायचं होतं ते सगळ्यांना कळलं. बाईंनाही. घरी आंधळे वडील, आणि दर एप्रिलात संपणारी नोकरी. त्यांनी हो म्हटलं असतं तर मी त्यांना नाव ठेवू शकले नसते.

"दार काढा," जयूबाई म्हणाल्या.

"काय?"

"त्या खोलीचं दार. उद्या दुसरे कुणी काका येतील. सुतार बोलावून दार काढून टाका. आणि गोष्ट संपवायची की नाही, ते मुलींच्या आया ठरवतील. माझ्याकडे कुणी विचारायला आलं, तर मी सांगणार."

*

दार काढलं. त्या सगळ्यातलं तेवढंच काम सोपं होतं. शरदकाका 'प्रकृतीच्या कारणानं' सचिवपदावरून दूर झाले, आणि मंडळानं त्यांना शाल-श्रीफळही दिलं. तो समारंभ आम्हाला कळला तो दुसऱ्या दिवशी. संक्रांतीला मला हळदीकुंकवाची बोलावणी आली नाहीत. एकच बाई संध्याकाळी उशिरा दार वाजवून आली. तेजस्विनीची आई. तिनं मला तिळगूळ दिला आणि बराच वेळ रडत बसली. पुढे आम्ही दोघी मिळून पोलिसांकडेही गेलो. त्याचं काय झालं, ते अजून चालूच आहे; त्याबद्दल आज लिहीत नाही.

शेठजी येऊन गेले. इशितानं घर, झाड, सूर्य काढून दाखवला. पाटावर बसून. खोलीला नुसती चौकट, बिजागऱ्यांच्या जागी लाकडात भोकं. एसी बंदच ठेवला होता. शेठजींनी रुमालानं मान पुसत विचारलं, "दरवाजा नहीं लगाया?" मीनाताई म्हणाल्या, "नहीं जी. हमारे यहाँ नहीं लगाते."

एप्रिलात शाळेचा शेवटचा दिवस. जयूबाईंना सांगण्यात आलं होतं की जुलैत जागा नाही. मुलांना ते माहीत नव्हतं. बाई नेहमीसारख्या फाटकाशी उभ्या. ऊन चढलं होतं, रस्त्यावरून धुळीचे लोट येत होते.

"कोण आलंय?"

"आजोबा."

"कोण आलंय?"

"मामा. नवीन मामा!"

"नवीन? थांब मग. ओळख करून दे."

सगळ्यात शेवटी इशिता. "कोण आलंय?" इशितानं माझ्याकडे बोट दाखवलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, रोज बघायच्या तसंच नीट, आणि तिचा हात सोडला.

मी त्यांचा पाट कापडात गुंडाळून आणला होता. कॉम्प्युटरच्या खोलीतून घेतला होता, परत द्यायला. त्यांनी तो हातात घेतला, कापड सोडलं, आणि पाट माझ्याकडे परत दिला.

"खुर्ची अजून ठेंगणीच आहे," त्या म्हणाल्या. "जुलैत तुम्ही ठेवाल ना?"

मी मान हलवली.

फाटक रिकामं झालं. मांगीलालनं टेम्पोतून मान बाहेर काढली. त्या दिवशी मुलं कमी होती, ती मागे बसून दंगा करत होती. तो म्हणाला, "जयू मैडम, सबको तो भेज दिया. अब आपको लेने कौन आया है?"

मुलं दाखवायची तसं बाईंनी त्याच्याकडे बोट दाखवलं.

मांगीलालनं फडक्यानं पुढची जागा पुसली. मी इशिताला जिथे कधी बसू दिलं नव्हतं, ती जागा. जयूबाई पिशवी मांडीवर घेऊन तिथे बसल्या, आणि टेम्पो देवास गेटच्या रस्त्याला लागला.

इशितानं माझ्या हातातल्या पाटावर बोटानं एक घर काढलं. एवढ्या वेळात त्यावर धूळ बसली होती. मी ती पुसली नाही.